सूतभर

उंब्रजच्या थोडे अलीकडे, साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना डाव्या हाताला, पंक्चर काढणाऱ्या एका मुलाची टपरी आहे. गेल्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागच्या सीटवर ठेवून मी कऱ्हाडला निघाले होते आणि तिथेच पुढचे डावे चाक बसले. त्या मुलाने चाक खोलले, साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवून खिळा शोधला आणि मग टायर माझ्यासमोर धरून म्हणाला, "पंक्चर काढतो मॅडम, पण आधी आतली कड बघा." बाहेरून पाहिले तर त्या टायरची नक्षी अजून वर्ष-दीड वर्ष चालेल अशी होती. आतल्या कडेला मात्र दोन बोटांच्या रुंदीत रबर पार निघून गेले होते आणि खालच्या तारा उघड्या पडल्या होत्या. टायर जेमतेम १४ हजार किलोमीटर चालला होता. त्याने मला नक्षीवरून आडवा हात फिरवून पाहायला सांगितले. आतून बाहेर नेताना तळवा सहज सरकला. बाहेरून आत नेताना प्रत्येक पट्ट्याची कड करवतीच्या दात्यांसारखी बोटांना अडली. "चाकं बाहेर बघतायत," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ते ऐकून मला राग आला, अर्थात त्याचा नव्हे. गाडीचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, मी त्या वर्षात दोनदा करून घेतले होते आणि दोन्ही वेळचे छापील कागद गाडीच्या कप्प्यात होते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग उजवीकडे कललेले राहते, या तक्रारीसाठी मी फेब्रुवारीत पहिल्यांदा एका ठिकाणी गेले होते आणि आठ दिवसांनी तीच तक्रार घेऊन तिथेच परत गेले होते. दोन्ही कागदांवरचे सगळे आकडे हिरव्या चौकटींत होते. त्या रात्री ते कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचताना, जे मला फेब्रुवारीतच दिसायला हवे होते ते दिसले. माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल एकसंध आहे. त्याची चाके आत-बाहेर करता येतील असा एकही नट तिथे दिलेला नाही. मधल्या आठ दिवसांत गाडी कुठे आपटलीही नव्हती. तरीसुद्धा मागच्या डाव्या चाकाचा कोन एका कागदावर ३ कला होता आणि दुसऱ्यावर १९ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). जे चाक कोणी हलवले नाही, कोणाला हलवता येतही नाही, त्याचा कोन जर बदलला असेल, तर बदलली होती ती मोजपट्टी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. अकरावीच्या पहिल्या प्रयोगात आम्ही मुलांना व्हर्निअर कॅलिपर हातात देतो आणि काहीही मोजण्याआधी त्याची शून्य त्रुटी, म्हणजे मिटलेला असताना तो शून्यच दाखवतो का, ते पाहायला लावतो. ती न पाहता लिहिलेला आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत असला तरी मी खोडते. आणि इथे मी स्वतः, हिरव्या रंगावर विश्वास ठेवून, दोन वेळा पैसे मोजून घरी आले होते. अलाइनमेंट मोजणारे कॅमेऱ्यांचे ते यंत्र वाईट नसते, हे मला ठाऊक आहे. चारही चाकांना निशाण्या अडकवायच्या, गाडी थोडी मागे-पुढे ढकलायची, म्हणजे निशाणी किंचित वाकडी बसली असली किंवा रिमच थोडी लचकलेली असली तरी यंत्र तेवढा दोष वजा करून घेते. माझ्या आठवणीप्रमाणे दुसऱ्या वेळी गाडी कोणी ढकललीच नव्हती, आणि हवाही तपासली नव्हती. तेव्हा ठरवले की सुट्टी आहे, घरापुढे जागा आहे, तर हे कोन एकदा स्वतःच्या हाताने मोजायचे.

कोन तीन. गाडीकडे वरून पाहिले असता चाके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर तोंड करून असतात तो टो. समोरून पाहिले असता चाक आत किंवा बाहेर झुकलेले दिसते तो कॅम्बर. आणि बाजूने पाहिले असता, ज्या रेषेभोवती चाक वळते ती रेषा मागे कललेली असते तो कॅस्टर. टायर खातो तो मुख्यतः टो. माझ्या गाडीसारख्या लहान गाड्यांत बहुधा तेवढा एकच कोन नट फिरवून बदलता येतो. उरलेले दोन कारखान्यात ठरतात आणि पुढे खड्ड्यांत बिघडतात. आकडे किती लहान असतात, हे कळण्यासाठी थोडे गणित हवे. माझ्या गाडीचा टायर १५५/६५ आर १४ या मापाचा आहे आणि त्याच्या रिमचा बाहेरचा व्यास ३९० मिलिमीटर भरतो. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत १ मिलिमीटरचा फरक असला तर चाक सुमारे ९ कलांनी, म्हणजे अंशाच्या सातव्या हिश्शाने, वळलेले असते. भूमितीच्या पेटीतल्या कोनमापकावर हा कोन दिसणारच नाही. मोजपट्टीवर मिलिमीटर मात्र स्पष्ट दिसतो. म्हणून घरी कोन मोजायचा म्हणजे खरे तर अंतरे मोजायची, आणि त्यासाठी एक सरळ रेषा लागते.

शेजारच्या प्लॉटवर तेव्हा घराचे काम चालू होते. तिथले गवंडीमामा पावसाळ्याआधी स्लॅब उरकायच्या घाईत होते, पण दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास आमच्या फाटकाशी पाणी प्यायला थांबायचे. मी त्यांच्याकडे ओळंबा आणि लाइनदोरी मागितली तेव्हा त्यांना वाटले, भिंत तपासायची आहे. चाके मोजायची आहेत म्हटल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि विचारले, "मग बाई, जमीन सपाट आहे का तुमची?" मी फरशीकडे पाहिले. दिसायला तर सपाट होती. "दिसतीच ती सपाट," ते म्हणाले, आणि कामावरून लेव्हलची नळी घेऊन आले.

ही पाण्याची पारदर्शक नळी मी कितीतरी बांधकामांवर पाहिली होती, हातात मात्र कधी घेतली नव्हती. मामांनी आधी नळी उन्हाकडे धरून तिच्यात कुठे बुडबुडा अडकलाय का ते पाहिले. दोन ठिकाणी होते, ते टिचक्या मारून वर काढले, कारण मध्ये हवा राहिली की दोन टोकांची पातळी खोटी होते. मग एक टोक माझ्या हातात दिले. पुढची दोन चाके जिथे टेकतात त्या दोन जागी आम्ही नळ्या उभ्या धरल्या, आणि पाणी हेलकावे खात हळूहळू स्थिर झाले. दोन्हीकडे पाण्याखालची फरशी किती खोल आहे ते पट्टीने पाहून मामा म्हणाले, "तीन सूत. उजवीकडं उतार." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. पावसाचे पाणी गटाराकडे जावे म्हणून कोणी तरी शहाणपणाने दिलेला तो उतार १३०० मिलिमीटर रुंदीवर जवळजवळ ०.४ अंशाचा होतो. या फरशीवर कॅम्बर मोजला असता तर डावे चाक जेवढे आत झुकले आहे तेवढेच उजवे बाहेर झुकले आहे, असे काहीतरी लिहून मी सगळा दोष गाडीला दिला असता. शेवटी उजव्या चाकाखाली ८ मिलिमीटरची एक फरशी आणि वर सनमायकाचा तुकडा, असे करून आम्ही पुढची बाजू सारखी केली. मागे तेवढाच उतार होता, तिथेही तोच इलाज. या एका कामात पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोऱ्या बांधल्या. पहाट अशासाठी की आमच्याकडे दहा वाजल्यानंतर डोंगरावरून वारा सुटतो आणि ताणलेली दोरीसुद्धा दोन-दोन मिलिमीटर झुलत राहते. गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत एकेक दोरी आणायची, आणि त्या दोन दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर करायच्या, एवढेच काम. टोकांना चार प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर विटा. माझे गणित चुकले ते इथे. मी प्रत्येक बाजूची दोरी पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर धरली, मोजणी केली, वहीत लिहिली, आणि चहा घेताना लक्षात आले की पुढच्या दोन चाकांतले अंतर आणि मागच्या दोन चाकांतले अंतर सारखे असते, असे मला कोणी सांगितले होते? टेप लावला. माझ्या गाडीत मागची बाजू १० मिलिमीटरने अरुंद निघाली. म्हणजे प्रत्येक दोरी २४०० मिलिमीटरमागे ५ मिलिमीटर आत वळलेली होती, आणि त्यामुळे प्रत्येक चाकाच्या मापात जवळपास ०.८ मिलिमीटरची चूक शिरली होती. जो मिलिमीटरभर फरक शोधायला निघाले, प्रत्येक चाकामागे जवळजवळ तेवढीच चूक मीच पेरून ठेवली होती. ती मोजणी खोडून टाकली. मग मागच्या चाकाशी दोरी ५ मिलिमीटर जास्त लांब धरली, आणि शेवटी दोन दोऱ्यांमधले अंतर बंपरच्या पुढे व मागे टेपने ताडून पाहिले. दोन्हीकडे ते सारखे भरले तेव्हाच पुढे गेले.

स्टिअरिंग सरळ धरून ठेवायला माझी जुनी ओढणी उपयोगी पडली. तिचे एक टोक स्टिअरिंगच्या डाव्या दांडीला, दुसरे उजव्या दांडीला, आणि मधला भाग सीटखालून ताणून घेतला. चारही टायरांत ३३ पौंड हवा भरली. पुढची चाके हाताने डावी-उजवी हलवून पाहिली, कारण टाय रॉडच्या, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दांडीच्या, सांध्यात ढिलाई असेल तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते, ढिलाई नव्हती. गाडी बोनेटवर दाबून दोन-तीनदा हलवली, एक गाडीभर पुढे-मागे ढकलली, म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतात. आणि प्रत्येक चाकाचे माप दोनदा घेतले: एकदा आहे तसे, आणि एकदा गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे नेऊन, म्हणजे रिमवर खडूने केलेली खूण पुढून मागे जाते. रिम थोडी लचकलेली असेल तर ती चूक एकदा अधिक आणि एकदा उणी येते, आणि दोन्हींची सरासरी घेतली की नाहीशी होते. त्या यंत्रावर जे करायचे राहिले होते ते हेच.

आकडे असे आले. मागच्या दोन्ही चाकांची पुढची कड दोरीपासून अर्धा मिलिमीटर जास्त लांब, म्हणजे दोन्ही चाके किंचित आत आणि सारखी. मागच्या ॲक्सलविषयी चिंता नव्हती. पुढच्या डाव्या चाकाची पुढची कड दोरीपासून ६८.५ मिलिमीटर, मागची कड ७३.५. उजव्या चाकाची पुढची ७१.५, मागची ७२.५. म्हणजे डावे चाक ५ मिलिमीटर बाहेर, उजवे १ मिलिमीटर बाहेर. दोन्ही मिळून ६. पंक्चरवाल्या मुलाने एका तळव्याने जे सांगितले होते ते दोरीने सहीसही सांगितले, आणि वर आणखी एक गोष्ट सांगितली. स्टिअरिंग सरळ असताना चाकांची सरासरी दिशा २ मिलिमीटरने, म्हणजे ०.३ अंशाने, डावीकडे होती. गाडी सरळ न्यायची तर मला चाके तेवढी उजवीकडे वळवून धरावी लागत होती, आणि चाकाकडचा हा फरक स्टिअरिंगवर पंधरा ते वीस पट होऊन दिसतो. सहा महिने माझ्या हाताखाली ते जे पाच-सहा अंश उजवीकडे कललेले होते, त्याचा हिशेब वहीच्या एका ओळीत बसला. तो बसला तेव्हा मी खरोखर फाटकापर्यंत गेले आणि मामांना हाक मारली.

सरळ जाताना दोन्ही चाके हा दोष निम्मा-निम्मा वाटून घेतात. प्रत्येकी ३ मिलिमीटर. ३९० मिलिमीटरमागे ३ म्हणजे १ किलोमीटरमागे सुमारे साडेसात मीटर. प्रत्येक किलोमीटरला टायर तेवढा आडवा घासला जात होता. सातारा ते कऱ्हाड साधारण ५० किलोमीटर; एका फेरीत पावणेचारशे मीटर रबर रस्त्यावर आडवे ओढले जात होते. टायरच्या आतल्या कडेला तारा का दिसल्या, हे मला या आकड्यावरून समजले.

आडवे ओढले जाणारे चाक मी लहानपणी पाहिले आहे. माझे माहेर जळगावचे. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो तेव्हा गर्दीत सगळ्यांचे डोळे रथाच्या कळसाकडे असतात, पण माझे आजोबा मला खांद्यावर न घेता हाताला धरून चाकाजवळ नेत, मोगरी लावणारे दिसावेत म्हणून. रथाची चाके वळत नाहीत. रथ थांबवायचा किंवा वळवायचा तर चाकाखाली लाकडी मोगरी योग्य क्षणी, योग्य कोनात सरकवावी लागते. हे काम जोखमीचे आणि मानाचे. मोगरीवर चढून चाक करकरत आडवे सरके तो आवाज मला अजून आठवतो. दोन चाके एका आसाला जखडलेली असली की ती एकमेकांकडे पाहतात की दूर पाहतात, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवला, प्रत्येक चाकाला स्वतःचा वेगळा सांधा मिळाल्यावर. म्युनिकचा घोडागाड्या बनवणारा गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याने ही रचना शोधली आणि लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ मध्ये त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान याने घेतले. हा आकरमान व्यवसायाने चित्रे आणि पुस्तके छापणारा. वळणावर आतले चाक लहान वर्तुळावर फिरते, म्हणून ते जास्त वळले पाहिजे, आणि सांध्यांच्या भूमितीने ते आपोआप जास्त वळते. आजही त्या भूमितीला आकरमानचेच नाव आहे. लांकेनस्पेर्गरचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ते मला बरे वाटत नाही. या रचनेत दोन चाकांचे नाते एका दांडीच्या लांबीवर ठरते. त्या दांडीला आपण टाय रॉड म्हणतो, आणि माझ्या गाडीत तीच बिनसली होती.

पण ती फिरवण्याआधी उरलेले दोन कोन पाहायचे होते. कारण कॅम्बर बिघडलेला असेल, म्हणजे खड्ड्यात चाकाला धरणारा खालचा आर्म किंवा वरचा स्ट्रट वाकला असेल, तर टो सुधारून काहीच साधत नाही. कॅम्बरसाठी ओळंबा. मडगार्डला चिकटपट्टीने दोरी लावून तो चाकासमोर सोडला आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीचे अंतर घेतले. टायरला पट्टी लावायची नाही, कारण खाली टायर वजनाने फुगलेला असतो. ओळंबा काही स्थिर होईना. मामा आले, त्यांनी बादलीत पाणी भरले आणि ओळंब्याचे टोक त्यात बुडवले. तो दोन झोके घेऊन थांबला. अवमंदित दोलन मी वीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवते आहे. गवंड्याची बादली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि जूनमध्ये ती वर्गात नेली. १ अंश झुकाव म्हणजे या रिमवर ६.८ मिलिमीटर. डाव्या चाकाला २ मिलिमीटर आले, उजव्याला दीड, दोन्ही वरून किंचित आत झुकलेली. दोन्ही बाजू जवळपास सारख्या असल्याने काही वाकलेले नाही असे समजायला हरकत नव्हती.

कॅस्टर सरळ मोजता येत नाही, कारण ज्या रेषेभोवती चाक वळते ती रेषा गाडीत कुठेच दिसत नाही. सायकलच्या चिमट्याचा तिरकेपणा दिसतो. इथे तो सगळा आत दडलेला आहे. म्हणून चाक २० अंश बाहेर आणि २० अंश आत वळवायचे, दोन्ही वेळा कॅम्बर घ्यायचा, आणि दोन्हींतल्या फरकाला १.४६ ने गुणायचे. हा गुणक दोन वेळा साइन २० अंश, याचा व्यस्त आहे; बारावीची मुले तो पाच मिनिटांत काढतील. टायर फरशीवर अडकून वाकू नये म्हणून चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस. २० अंशांची रेघ फरशीवर खडूने आखली: १००० मिलिमीटर सरळ, ३६४ मिलिमीटर आडवे. इथे मोबाईलमधला कोन दाखवणारा ॲप वापरला, पण प्रत्येक वेळी फोन उलटा फिरवून दुसरे वाचन घेतले आणि सरासरी काढली. मामा त्यांची पाणसळ अशीच उलटून पाहतात, तिचा बुडबुडा खरा आहे की नाही ते कळायला. फरक २.१ अंश आला, म्हणजे कॅस्टर सुमारे ३ अंश, दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येते ते या कोनामुळे, आणि ते येत होतेच.

मग टाय रॉड. माझ्या गाडीत स्टिअरिंगची रॅक, म्हणजे टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारी दांडी, चाकांच्या मध्याच्या मागे आहे. म्हणून रॉड लांबवला की चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि पुढची आत येते. कोणत्या बाजूला फिरवायचे हे आधी कागदावर काढून पाहावे, कारण गाडीखाली डोके घातल्यावर डावे-उजवे हमखास उलटते. स्टिअरिंग पूर्ण वळवले की रॉड बाहेरून हाती लागतो. गाडी जॅकवर घेण्याची गरज पडली नाही, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. रॉड जागी घट्ट धरणारा चेक नट सहा महिन्यांच्या चिखलाने धरला होता. डिझेलचा बोळा बांधून रात्रभर ठेवला आणि सकाळी पान्याला एक हिसका दिल्यावर तो सुटला. रॉडवरच्या रबरी आवरणाची, म्हणजे बूटची, क्लिप सैल केली, नाहीतर रॉडबरोबर बूटही पिळवटतो आणि फाटतो. आधी डाव्या बाजूला एकच फेरा दिला, गाडी पुढे-मागे केली, पुन्हा मोजले: ४ मिलिमीटरचा फरक. म्हणजे डाव्याला आणखी पाव फेरा आणि उजव्याला पाव फेरा. मग चेक नट आवळले, आणि पुन्हा मोजले, कारण नट आवळताना रॉड किंचित फिरतो. डावीकडे तो अर्ध्या मिलिमीटरने फिरला होता, ते परत दुरुस्त केले.

त्यानंतर तीन पहाटा मी तीच मोजणी सुरुवातीपासून केली. दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या, खुर्च्या काढून पुन्हा ठेवल्या. तीन दिवसांत दोन्ही चाकांचा मिळून टो ०, उणे अर्धा आणि ० मिलिमीटर असा आला. मागच्या चाकांचा आकडा तिन्ही वेळा तोच, अर्धा मिलिमीटर आत. मला सर्वांत जास्त समाधान या मागच्या आकड्याचे आहे. पुढचा आकडा मी पाना फिरवून आणलेला होता, पण मागच्या ॲक्सलला कोणी हात लावलेला नव्हता, आणि यावेळी तो माझ्या वहीत जागचा हलला नाही. त्या दोन कागदांवर ३ कला आणि १९ कला छापणाऱ्या माणसाने एवढे एकच पाहिले असते तर माझा टायर वाचला असता. आणि पावसात त्याच तारा दिसणाऱ्या टायरवर महामार्गावर ब्रेक मारायची वेळ माझ्यावर किंवा दुसऱ्या कोणावर आली असती, तर प्रश्न पैशांचा राहिला नसता. घरी मोजणे सगळ्यांना जमेल असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे आपण गाडी देतो त्यांना, हवा पाहिली का, गाडी पुढे-मागे ढकलली का, आणि न फिरवलेल्या चाकाचा आकडा गेल्या वेळेइतकाच आला का, एवढे तीन प्रश्न नक्की विचारता येतात.

पुढे नवीन टायर घातले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कऱ्हाडला गेले. स्टिअरिंग सरळ होते. रस्त्याला मध्ये उंचवटा आणि कडेला उतार असतो, म्हणून हात सोडला की गाडी हळूच डावीकडे सरकते. तेवढे सरकणे रस्त्याचे आहे हे आता मला ठाऊक आहे, आणि त्याला मी दुरुस्त करायला जात नाही. उंब्रजला थांबून त्या मुलाला हात फिरवायला लावला. त्याने दोन्ही बाजूंनी फिरवला, काही बोलला नाही, आणि हवा भरण्याचे पैसे घेतले नाहीत.

मामांना दोरी परत द्यायला गेले तेव्हा ती नीट गुंडाळून दिली, त्यांनी ती पुन्हा उलगडली आणि त्यांच्या पद्धतीने, आठच्या आकड्यात, काठीवर गुंडाळली. तशी गुंडाळली की पीळ पडत नाही. "किती आला फरक शेवटी?" त्यांनी विचारले. मिलिमीटर सांगू की कला, असा विचार करून मी म्हटले, "दोन सुतांना थोडा कमी." "मग लई होता," ते म्हणाले, आणि स्लॅबच्या कडेची पट्टी तपासायला वर गेले. ऑक्टोबरात ५ हजार किलोमीटर पुरे होतील. दोरी तेव्हा माझी स्वतःची असेल, आणि वहीत मागच्या डाव्या चाकाची ओळ मी सर्वांत आधी भरणार आहे.